बियाण्याचं वांगं

प्रिय सुमन,

आयुष्यात तुला एक पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणाऱ्यांनी पत्रं कशाला लिहायची? पण आज सकाळी शेवंताचा धुळ्याहून फोन आला आणि ती जे म्हणाली ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येईना.

"दाजी, आखाड लागना. अक्काना वांगानं बी धाडा. मना आंगनमा लावसू, तेवढीच तिनी आठवण."

तुझी धाकटी बहीण! दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर सरळ नाही म्हणालो असतो. मी "बघतो" म्हणून फोन ठेवला.

बी नाही, सुमन. संपलं.

तू दवाखान्यात गेलीस तेव्हा परसातल्या वाफ्यात एकच वांगं उरलं होतं, बियाण्यासाठी राखलेलं. झाडावरच पिवळं पडत चाललेलं, देठाला तुझ्या परकराची काळी चिंधी. "वांग्यालाही नजर लागते का गं?" असं मी दरवर्षी चिडवायचो. तू म्हणायचीस, "तुमचा हात लागू नये म्हणून बांधलीय." भरिताचं नाव काढलं की मी हाताला येईल ते वांगं तोडीन, याची तुला पक्की खात्री!

तू गेल्यावर शेवंता इथेच राहिली. घर तिनंच सांभाळलं, मला पानावर बसवलं. दहाव्याला पिंडाशेजारी तुझ्या आवडीचं ठेवायचं म्हणून तिनं पहाटे उठून भरीत केलं. नदीवर मी द्रोण उघडला तर भरितात गर कमी आणि बियाच जास्त. टणक, तपकिरी.

"हे वांगं कुठलं, शेवंता?"

"वाफामातलं. नजरनी चिंधी सोडी टाकी. जिनी बांधी तीच गयी, आते कसानी नजर? पिकेल शे त काय व्हयनं? तिना हातनं शे."

लग्न झाल्यापासून ती बाजारची भाजी खाते. ती चिंधी बियाण्याची खूण, हे तिला कोण सांगणार होतं?

आणि कावळा लगेच आला! लोक दुपारपर्यंत ताटकळतात, तुझ्या पिंडाला क्षणही लागला नाही. शेवंतानं हात जोडले. "कावया उना, दाजी! अक्काना जीव कसामाच आडकेल नही!" सगळ्यांना हायसं वाटलं. मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटत होता.

तेराव्याला मांडववाल्यानं खांब रोवायला वाफा सपाट केला. झाडंही गेली.

आता तुझ्याशी भांडतो. भाजी गल्लीभर वाटलीस. गोमूत्र किती, कडुलिंबाचा पाला किती, पानांवर मावा पडला की राख कधी भुरकायची, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवलंस. मग बी का नाही दिलंस कुणाला? "घरचं वाण बाहेर गेलं की रुसतं." तुझ्या आईनं सांगितलं आणि तू धरून बसलीस! जुनं उगवत नाही म्हणून मागच्या वर्षीचं उरलेलंही कोंबड्यांना टाकलंस. बाई, एका घरात ठेवलेलं वाण एका दिवसात गेलं ना!

तुझ्या माहेरी धरणगावलाही मागेच जाऊन आलो. तुझ्या भावानं परसात फरशी घातलीय. चहा दिला आणि म्हणाला, वांगी आम्ही विकतच आणतो. आपला मुलगा म्हणतो, रोपवाटिकेतून भरिताचीच रोपं आणून देतो, बाबा. आणेल. पण ती तुझी नसतील.

आज संध्याकाळी शेवंताला फोन केला. म्हटलं, बरणीचं झाकण माझ्याकडून उघडं राहिलं, उंदरांनी बी खाल्लं. ती असली भडकली! "अक्कानी जनमभर संभायं, आन तुमले एक बरनी संभायता उनी नही?" मग रडायला लागली.

गिलक्याचं आणि वालाचं तुझं बी, कीड लागू नये म्हणून तू घातलेल्या राखेत, अजून आहे. ते मी मागेल त्याला देणार. रुसलं तर रुसू दे, तूही रुस.

आणि हा शब्द देतो. त्या सकाळी तिनं तुझ्यासाठी काय रांधलं, ते शेवंताला माझ्या तोंडून कधी कळणार नाही. दर आखाडात ती मला बोल लावेल. लावू दे.

तुझा,
भास्कर
(तू तोंडानं कधी घेतलं नाहीस, ते नाव)