आतड्याचं माणूस

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

सा. नमस्कार. ('तीर्थरूप' सवयीनं लिहून गेले, राहू दे.) आम्ही ठीक. आईचे गुडघे कसे आहेत? काल तू फोन आपटलास आणि आता उचलत नाहीस, म्हणून हे पत्र वहिनीच्या भावाच्या हाती देतेय. तो आजच पोचेल.

इतक्या वर्षांनी आवाज ऐकला, आणि पहिलं वाक्य काय, तर "तुझ्या त्या पेशी बाळाला कधी घालतेस?" कशी आहेस, एवढं तरी विचारायचंस!

आम्ही प्रयोगशाळेत आतड्यातल्या मज्जापेशी वाढवतो. त्यांनी ताटलीतला आतड्याचा एवढासा तुकडा हलवला, ते मी हौसेनं आईला सांगितलं, हल्ली ती चोरून फोन करते तेव्हा. तिनं तुला सांगितलं, आणि तू धरूनच बसलास की घरात औषध आहे. अरे, ते औषध नाही. तो अभ्यास आहे. त्या पेशींच्या खाण्यात जरा हयगय झाली तरी त्या माना टाकतात. त्या काय बाळाला सांभाळणार?

तुझ्या बाळाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी झाल्याच नाहीत. म्हणून शी पुढे सरकत नाही, पोट फुगतं. तेवढा भाग कापून वरचा चांगला भाग खाली जोडायचा, हाच उपाय. डॉक्टर तेच सांगतायत. आणि तू "माझी बहीण आहे त्यातली" म्हणून ऑपरेशनची सही अडवलीस! उशीर झाला तर विष अंगात भिनेल, दादा. बाळ हातचं जाईल.

म्हणे बहीण! मी माझ्या मनानं लग्न केलं तेव्हा दारात म्हणालास, "आजपासून तू आमच्या आतड्याची नाहीस." बाबा गेले, तेही मला शेजारच्या काकूंकडून कळलं. नातेवाइकांत सांगायचास, "ती लोकांची आतडी चिवडते." आता चिवडणारीच आठवली.

खरं सांगू? तू फोनवर गयावया केलीस तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आला ना दारात! मग वहिनीनं बाळाचा फोटो पाठवला. कपाळ थेट बाबांचं आहे रे.

पाया पडते, सही कर. आपली भांडणं कुठे पळून जात नाहीत.

कापलेला भाग अभ्यासाला देता का, असं विचारतील. हो म्हणालास तर तो आमच्याकडेच येतो, नाव नसतं, नुसता नंबर. कुणाचं आतडं हातात आलंय ते मला कळणारही नाही. पण चिवडीन जपून.

तुझ्या आतड्याची नसलेली,
धाकटी