हाडाचं बटण

४ ऑक्टोबर १९७१, देवळाली कॅम्प

नोकरीचा पहिला दिवस, आणि राहायला खोलीसुद्धा मिळाली! खिडकीतून निलगिरीची झाडं दिसतात. सकाळी घोटीहून गाडी सुटली तेव्हा आई डब्याबरोबर फलाट संपेपर्यंत चालत आली. मेलेल्या शिपायांचे कपडे झटकायला एवढं शिकायचं कशाला, असं तिनं जाता जाताही विचारलंच. मी म्हटलं, आई, कपडे झटकायला नाही, इतिहास लिहायला. घरातली पहिली बी.ए. आहे मी, एवढं तर बोलणारच.

मालक सलाउद्दीन मास्तर. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पलटणीत शिंपी होते. लष्कराच्या कंडम मालाच्या लिलावांतून आणि जुन्या बाजारातून त्यांनी जन्मभर वर्द्या, टोप्या, बिल्ले, पट्टे गोळा केले. आता डोळे जवळजवळ गेले आहेत. हे सगळं एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकायचं आहे, आणि त्याआधी प्रत्येक वर्दीला मराठीत पाटी हवी आहे. मी विचारलं, पाट्या साहेबांच्या की शिपायांच्या? चाचा हसले. म्हणाले, बेटी, साहेब लोक आपली वर्दी घरी घेऊन जातात. माझ्याकडे येतात त्या शिपायांच्याच.

हेच काम मला हवं होतं.

१० ऑक्टोबर

दिवाणखान्यात लाकडी पुतळे ओळीनं उभे आहेत. डोकी नाहीत, मानेच्या खुंटीवर टोपी. चाचा रोज सकाळी एकेकाला हातानं चाचपत जातात. त्यांचा एकच हट्ट, वर्दी पुरी हवी. बटन म्हणजे वर्दीचे दात, म्हणतात. एक पडला की सगळं तोंड बिघडलं. त्यासाठी बिस्किटांचे डबेच्या डबे बटणांनी भरून ठेवले आहेत.

खिडकीजवळचा पुतळा माझा सगळ्यात आवडता. पहिल्या महायुद्धातली वर्दी. कॉलरच्या आत शाईनं नंबर आणि नाव: बहिरू. कळवणकडच्या एका भंगारवाल्यानं हे गाठोडं आणलं होतं. बहिरू तिकडे इराकात, बसऱ्याकडे लढायला गेला आणि तिकडेच राहिला, गाठोडं तेवढं त्याच्या बायकोकडे परत आलं. माणूस आपल्यातलाच असावा असं मला वाटतं. इतकी वर्षं झाली आणि त्याच्या नावाची पाटी कुठं नाही. पहिली पाटी त्याचीच लिहिली.

त्याच्या ओव्हरकोटाला सगळी पितळी बटणं, फक्त छातीवरचं एक हाडाचं. जाड काळ्या दोऱ्यानं, गाठीवर गाठ मारून लावलेलं. ब्लेडनं उसवायलासुद्धा पुष्कळ वेळ लागला. मग डबे धुंडाळून अगदी त्याच शिक्क्याचं पितळी बटण शोधलं आणि लावलं. चाचांनी वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. अब पूरा हुआ, म्हणाले. शाबासकी म्हणून मला चहाबरोबर नानकटाई मिळाली. हाडाचं बटण डब्यात टाकलं.

१७ ऑक्टोबर

आज रविवार, घोटीला जाऊन आले. येताना गाडीत एक गोष्ट आठवली.

लहानपणी आमचे कोट घोटीच्या बाजारातले, मिल्ट्रीच्या कंडम मालातले असायचे. आई कोट घरात आणायची आणि आधी त्याचं एक बटण तोडून तिथं लाल बटण लावायची. शाळेत मला ‘लाल बटनवाली’ म्हणून चिडवायचे. मी रडले तर आई सांगायची, मेलेल्याला आपला कोट वळखू येता कामा नये. कोट पुरा दिसला की मेलेला तो अंगात घालाया येतो, मग आत कोण का असंना.

दीक्षा घेतल्यावर घरातले देव आईनं स्वतःच्या हातानं दारणा नदीत सोडले, तेव्हा मागे वळूनही पाहिलं नाही. हे बटण मात्र सुटलं नाही. आता फौजेत असलेला माझा धाकटा भाऊ सोमा म्हणायचा, ताई, आईचा एवढा एकच देव शिल्लक राहिलाय, राहू दे.

बहिरूच्या कोटाबद्दल मी आईला काही सांगितलं नाही. उगीच डोकं धरून बसली असती.

१३ नोव्हेंबर

सोमाचं पत्र. त्याची तुकडी वर डोंगरात गेली आहे. लिहितो, ताई, इथं चहा ओतेपर्यंत गार होतो आणि आमचा लंबूटांग नाईक म्हणतो ही तर अजून गुलाबी थंडी. नवे कोट यायचे आहेत, अंगावरचे झिरझिरीत झालेत.

चाचांना पत्र वाचून दाखवलं. ते उठून चाचपत खिडकीजवळ गेले आणि बहिरूचा कोट उतरवून माझ्या हातात दिला. लाकडाला थंडी वाजत नाही, म्हणाले. शिपायाचा कोट शिपायाच्या अंगावर जाऊ दे. लढाईचं सावट गेलं की परत आण म्हणावं.

सोमाच्या तुकडीतला सिन्नरचा एक जवान उद्या सुटीवरून परत निघतो आहे, त्याच्याकडे दिला. सगळी बटणं घासून लखलखीत केली. माझ्या भावाला कुणी लाल बटणवाला म्हणणार नाही.

२७ नोव्हेंबर

बहिरूच्या पुतळ्याखालच्या बुटांना चिखल लागला होता. ओला, काळा, बर्फासारखा गार. देवळालीत महिनाभर पावसाचा थेंब नाही.

झाडलोट करणाऱ्या कुसाबाईला मी बोलले. ती उलट माझ्यावरच उखडली. म्हणाली, मी कशाला शिवू त्याला, बाई? तो उभा हाय का निघालाय, तेच कळंना झालंय.

बूट पुसून ठेवले. कुठूनतरी पाणी झिरपत असणार.

२ डिसेंबर

सोमाचं पत्र. कोट मिळाला. लिहितो, ताई, इतका ऊबदार आहे की आधीच कुणीतरी आत बसून तापवून ठेवल्यासारखा. पहाऱ्यावर आम्ही दोघं उभे असलो की पोरं लांबून तीन मोजतात. मला म्हणतात, पाहुणा कोण रे तुझा? सगळे हसत होतो.

मी पण हसले. नंतर पुन्हा वाचलं.

बुटांना आज परत चिखल. टाचा भिंतीकडे असायच्या. आज टोकं दाराकडे वळलेली होती.

६ डिसेंबर

युद्ध सुरू झालं. खिडक्यांना काळे कागद लावले. कॅम्पातून दिवसभर लष्करी गाड्यांचा आवाज.

बहिरूचे बूट नाहीत. विजार नाही, कमरेचा पट्टा नाही. चाचांनी चोर चोर म्हणून गल्ली गोळा केली. पण दाराचं कुलूप जसंच्या तसं, आणि बाकी एकाही वर्दीला हात लागलेला नाही.

ओलसर पावलं पुतळ्यापासून दारापर्यंत. दारातून आत येणारं एकही नाही.

१० डिसेंबर

आईला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. हाडाचं बटण, ब्लेड, सगळं. वाटलं होतं मारेल. ती जमिनीवर बसली आणि माझा हात धरून राहिली. मग विचारलं, कोट सोमाला तूच दिला? मी हो म्हटलं. ती म्हणाली, त्याच्या बायकोनं एवढ्या गाठी कशापायी मारल्या असतील, इंदे? तुला इचारावंसं नाय वाटलं?

नाही वाटलं. मला ते फक्त चुकीचं बटण दिसलं.

लगेच पत्र लिहिलं. सोमा, कोटाचं एक बटण तोड, कोणतंही. तिथं सोबतचं लाव. का ते विचारू नकोस. आईनं कनवटीची पिशवी सोडून लाल बटण काढलं आणि पाकिटात घातलं. पोस्टातले म्हणाले, बाई, लढाई चालू आहे. पोचेल तेव्हा पोचेल.

१३ डिसेंबर

सगळे डबे जमिनीवर पालथे केले. हाडाचं बटण सापडत नाही. चाचा माझ्यासमोर बसून एकेक बटण बोटांनी पाहत होते. मध्येच थांबून म्हणाले, मी आंधळा झालो बेटी, पण तुला तर दिसत होतं. मग लगेच माफी मागितली. माफी कसली. खरंच आहे ते.

पुतळ्यावर आता टोपी तेवढी उरली आहे.

१८ डिसेंबर

लढाई थांबली. कॅम्पात पेढे वाटले. कुसाबाईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला, म्हणाली, आता तरी हास. सोमाचं नाव कुठल्याच यादीत नाही. म्हणजे आहे. असणारच.

२९ डिसेंबर

सोमाचं पत्र! खुशाल आहे, रजा मंजूर, येतो.

अक्षर दुसऱ्याचं. सोबत्यानं लिहून दिलं असेल, हात सुजला असेल थंडीनं.

पण खाली सही नाही. अंगठा आहे. सोमा मॅट्रिक झालेला आहे.

आईला हे सांगितलेलं नाही. ती इथं माझ्या खोलीतच तांदूळ निवडत बसली आहे, त्याला आवडते म्हणून खिरीसाठी.

८ जानेवारी १९७२

आला. सोमाच आहे. तोच चेहरा, भुवईवरची तीच खूण, विटीची. मी फाटकापर्यंत धावत गेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बाजूनं निघून आत गेला. सरळ खिडकीजवळ. खुंटीवरची टोपी काढून घातली. बरोबर बसली.

पायांत ते बूट. कमरेला तो पट्टा.

चाचा आनंदानं पुढे आले. गळ्यापासून खालपर्यंत बटणांवरून बोटं फिरवली, पूरा है, पूरा है, म्हणाले. मग हात चेहऱ्यावर नेला. आणि झटकन मागे घेतला. त्यानंतर ते आपल्या खोलीबाहेर आलेले नाहीत.

९ जानेवारी

कोट काढत नाही. खीर समोर ठेवली, वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. नाव विचारलं तर नंबर सांगतो. कॉलरमधला. आणि मग, कळवणची वाट कुठली.

ताई म्हणत नाही. एकदाही नाही.

आई त्याच्या पायाशी बसून आहे. सारखी एवढंच म्हणते, अंग माझ्या लेकराचं हाय. अंग त्याचंच हाय.

बायकोकडे जायचं आहे त्याला. ती कधीच गेली असेल. हे त्याला कोण सांगणार? आणि तो निघाला तर सोमाचे पाय घेऊन निघणार.

१० जानेवारी, सकाळ

खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं डोळे मिटले होते. मी त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. माझं पत्र. न फोडलेलं. फोडून तरी काय — वाचता येत नाही त्याला.

आत लाल बटण आहे.

म्हणजे सोमापर्यंत पोचलंच नव्हतं. मी लिहिलेलं काहीच पोचलं नव्हतं.

आई म्हणते आजच. तो उद्या कळवणला निघणार. मी कात्री लावीन, ती खांदे धरील. तेच बटण, छातीवरचं, मी लावलेलं.

दुपार

तुटलं.

तो ओरडला नाही. नुसता ताठ झाला. कोट छातीवर उघडला आणि आत — शर्ट नाही, छाती नाही, काळोख आहे, आणि गार वारा बाहेर येतो, डोंगरावरचा —

तोंड मिटलेलंच होतं. आवाज आतून आला. लांबून. ताई.

ताई, थंडी वाजते.

आई मोठ्यानं रडते आहे. सोमा, सोमा. मी लाल बटण धरलं. लावायचं आहे. उघडं राहिलं तर तो गारठून — आणि पितळी लावलं तर दुसराच — लालच, लालच लावायचं. सुईत दोरा जात नाही. ओला करून पुन्हा —

ओवला.

एक टाका घातला. कोट उसळतो आहे. बाकीची बटणं आपोआप फिरतात, तो ओढून घेतो आहे कोट स्वतःभोवती. आईनं दात आवळून त्याचे खांदे धरले आहेत. हे लिहिते कारण काही झालं तर कुणाला तरी कळावं, बटण परकंच लावा, गाठी भरपूर मारा, त्या बाईनं मारल्या तशा —

दुसरा टाका. सोमा म्हणतो, ताई, सोडू नको. नाही सोडत रे. लाल आहे बघ, आपलं, तू हसायचास ते —

गाठ मारायची राहिली आहे. दोरा ताणला गेला आहे. आतून कुणीतरी ओढतंय. सोमाच असेल. सोमाच अस