इंजिन वाकडंच राहील

बॉनेट उघडलं की जो तो शहाणा होतो. पंपवाला, टायरवाला, आमचे जावईबापू, सगळे कमरेत वाकून आत बघतात आणि म्हणतात, "इंजिन वाकडं बसलंय हो." नऊ वर्षं ऐकते आहे. या नऊ वर्षांत गाडी चढावर थांबली नाही, चिखलात रुतली नाही, चादरींचं एक गाठोडं उशिरा पोचलं नाही, ते कोणाला दिसत नाही. वाकडं तेवढं दिसतं. माझ्यामागे या शहाण्यांपैकी कोणी त्या इंजिनाला हात लावू नये, म्हणून हा कागद करते आहे.

तर मी, लाँड्रीची मालकीण, वय चोपन्न, शिक्षण इयत्ता चौथी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणाच्या धाकाने वा भरीस घालण्याने मी हे लिहीत नाही, आणि तसं करायला कोणी आलं असतं तर ते आल्या पावली परत गेलं असतं. येत्या सोमवारी, एकवीस तारखेला, माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाबरू नका. घाबरत नाही. पण कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे तपासायची मला सवय आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. राहतं घर, खाली दोन खोल्या व वर गच्ची, माझ्या नावावर आहे, ते यजमानांना आणि त्यांच्यानंतर मुलीला. गच्चीच्या दाराची कडी यजमानांनी बसवून घ्यावी. सात वर्षं "उद्या" चालू आहे.

कलम दोन. लाँड्री, तिच्यातली यंत्रं, इस्त्रीची टेबलं व गिऱ्हाइकं मुलीला. लहान यंत्र पिळताना थरथरतं, त्याला डाव्या अंगाने गुडघा लावावा. बँकेतली शिल्लक बापलेकीने निम्मी घ्यावी. भांडू नये, भांडण्याइतकी नाही.

कलम तीन. गाडीतून काढलेलं मूळचं पेट्रोल इंजिन मागच्या खोलीत मेणकापडाखाली आहे, ते जावईबापूंना. हेच परत बसवून गाडी "कंपनीतून आली तशी" करून विकावी, असं ते दर रविवारी सुचवतात. इंजिन त्यांना दिलं, गाडी दिली नाही. त्यांचा त्याच्यावर फार जीव आहे. दोघांनी सुखाने राहावं.

कलम चार. चारही चाकांनी ओढणारी गाडी, आत बसवलेल्या डिझेल इंजिनासह, माझ्या धाकट्या नणंदेला.

वकील म्हणाले, एवढं पुरे. मला पुरे नाही.

ही नणंद म्हणजे यजमानांची बहीण. तिला सगळे पानेवाली म्हणतात, कारण तिच्या खिशात रुमाल नसेल पण दहा-अकराचा पाना असतो. आमच्या दोघींत नऊ वर्षं बोलणं नाही. निरोप यजमान पोचवतात, दोन्हीकडच्या शिव्या गाळून.

डोंगरावरच्या विश्रामगृहांच्या चादरी आमच्याकडे येतात. त्या कच्च्या चढावर दोन चाकांनी ओढणारी गाडी नुसती मागे घसरते, म्हणून ही घेतली. पण पेट्रोल अशी प्यायची की आम्ही चादरी धुतो ते हिच्यासाठीच, असं वाटायचं. पानेवाली म्हणाली, "वहिनी, हिचं काळीजच बदलू या." एका ठोकलेल्या टपालगाडीचं डिझेल इंजिन तिने भंगारातून शोधून काढलं. भंगारवाला म्हणाला, "ताई, हे त्या गाडीत बसायचं नाही."

"नाही बसलं तर उभं ठेवू. तू उचलायला हात लाव."

नव्या इंजिनाची आणि जुन्या गिअरबॉक्सची भोकं एकमेकांना ओळख दाखवीनात. तिने इंजिनाच्या तोंडाला ग्रीस फासलं, आमच्या साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा वर दाबला आणि ठसा घेतला. गिअरबॉक्सचाही तसाच घेतला. ते दोन पुठ्ठे एकावर एक ठेवून तिने बोटभर जाडीची लोखंडी चकती बनवली, दोघांच्या मध्ये बसेल अशी. मग मधला दांडा अगदी मधोमध यायला अडीच दिवस. काट्याचं माप लावायची, इंजिन हाताने फिरवायची, काटा हलला की हातोडीने हलकी टिचकी, परत फिरवायची. मी कंटाळून म्हटलं, "अगं, केसभर तर राहिलंय."

"दुधात केस पडला तर पितेस का?"

मी बायका पाहिल्या, मिस्त्री पाहिले. असा हात पाहिला नाही.

अकराव्या दिवशी गाडी सुरू झाली. अख्खी गल्ली जमली होती. आणि मी, सगळ्यांच्या देखत, म्हटलं, "सगळं खरं, पण वाकडं बसवलंस." तो शब्द नंतर हजार जणांनी काढला. पहिली मी.

तिने हात पुसले. "वाकडं तुझं बघणं आहे," म्हणाली आणि गेली. मी तिच्या पाठीमागून "नाचता येईना, अंगण वाकडं" एवढंही ऐकवलं. तेव्हापासून आमचं वाकडं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावून मी इंजिन सरळ करून घेतलं. त्याने इंजिनाच्या डाव्या पायाखाली दोन बोटं जाड पट्टी सारली. फोटो काढावा असं दिसायला लागलं. तिसऱ्या खेपेला, वरच्या चाकोऱ्यांत, खालून ठक ठक. गाडी थांबवून, चादरींचं गाठोडं डोक्याखाली घेऊन मी खाली सरकले. पुढच्या चाकांना फिरवणारा दांडा इंजिनाच्या तेलाच्या भांड्याला लागूनच जातो. त्याने भांड्याला घासून चकचकीत रेघ पाडली होती. अजून एक दणका, की तेल सगळं रस्त्यावर, आणि त्या उतारावर मी, गाडी आणि चादरी.

जॅक लावून मी ती पट्टी ओढून काढली. इंजिन आपलं कलून जागेवर बसलं. दांडा आणि भांडं यांच्या मध्ये माझी करंगळी घातली. बरोबर गेली. जास्तीचं काही नाही, कमी काही नाही. वाकडं चुकून नव्हतं, मोजून होतं.

आणि तिथेच, उताणं पडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, पंच मारून ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं: सरळ करू नकोस वहिनी. वरून रंग दिलेला. म्हणजे गाडी सुरू होण्याआधीचं, मी तोंड उघडण्याआधीचं. इंजिनाच्या पोटातलं ओळखणारी माणसं असतील. हिने वहिनीच्या पोटातलंही ओळखून ठेवलं होतं.

हे मला नऊ वर्षं माहीत आहे, आठ दिवस कमी. सांगितलं नाही. माफी मागायचा धडा चौथीपर्यंत नव्हता.

अट एकच. इंजिन सरळ करायचं नाही. ती अर्थात करणार नाही, अट बाकीच्यांना कळावी म्हणून घातली. तिने गाडी नाकारली तर ती यजमानांकडे राहील, आणि यजमानांना जावयाला नाही म्हणता येत नाही. दोन रविवारांत तिचं इंजिन भंगारात दिसेल, हे तिने ध्यानात घ्यावं.

कलम पाच. ती दोन बोटं जाड पट्टी नाक्यावरच्या मिस्त्रीला. त्याने ती दुकानात दर्शनी भागी टांगावी.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, मोठ्याने वाचला, साक्षीदारांसमोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: लाँड्रीवाली
साक्षीदार: १) समोरचे चष्मेवाले २) औषधांच्या दुकानातल्या बाई
ठिकाण: लाँड्री, मागची खोली, इस्त्रीचं टेबल
बुधवार, सोळा तारीख

वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यानंतर वाचतात. मी म्हटलं, मग उत्तर कोण ऐकणार? म्हणून याची एक प्रत आजच यजमानांच्या हाती पानेवालीकडे जाते आहे.

गाडी घेतेस की नाही ते शनिवारी, एकोणीस तारखेला, दुपारी बाराच्या आत सांग. इथे येऊन, तुझ्या तोंडाने. भावाच्या हाती आलेलं "हो" मी "नाही" धरीन.