बारा पानांसाठी हॉटेल

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय ऋषी,

तुझा मेसेज पोचला. आपल्या जुन्या पंगतीतल्या बारा जणांना एकत्र जेवायला साउथ इंडियन हॉटेल कुठलं बरं, हे तू मला विचारतोस! अरे, तुम्हाला वर्षानुवर्षं पोळी-भाजी वाढलेली खानावळवाली बाई मी. पण विचारलंस म्हणजे मान दिलास, आणि मान मिळाला की सल्ला दिल्यावाचून मला राहवत नाही. फोन सोडून पत्र लिहितेय त्यालाही कारण आहे, जरा दम धर.

पहिली गोष्ट, डोसा हा पंगतीचा पदार्थ नव्हे. तव्यावरून उतरतात दोन-दोन. संतोषचा खाऊन होईल, हात धुऊन होईल, तरी दीपमाला आपली चटणीकडे बघत बसलेली. आपल्याकडे शेवटचं पान वाढून होईपर्यंत पहिला घास कुणी घ्यायचा नाही, असा नियम होता ना? सुदर्शन तेवढा चोरून पापड मोडायचा आणि काका आतून ओरडायचे, "पापडाला आवाज असतो, गाढवा!" म्हणून सांगते, केळीच्या पानावर भात वाढणारं हॉटेल धरा. बारा पानं एकदम मांडली जातात, सगळे एकदम जेवतात.

तू पाठवलेल्या यादीतलं कॅम्पातलं नको. तिथे तासभर बाहेर उभं करून दवाखान्यासारखी नावं पुकारतात म्हणे. बाणेरच्या ठिकाणी गाणी एवढी मोठ्याने, की शेजारच्याशी खाणाखुणांनी बोलावं लागतं. कात्रजचं ऐसपैस आहे, गाड्या लावायला जागा आहे, पण जाऊन-येऊनच दीड तास खर्ची पडायचा. हे सगळं वरच्या मजल्यावरच्या ओवीला खोदखोदून विचारलेलं. मी स्वतः यातल्या एकाही ठिकाणी गेलेले नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

माझं ऐकशील तर नारायण पेठेतलं श्यामलाबाईंचं घ्या. नावाला हॉटेल, आत जेमतेम चार टेबलं, पण जोडली की बारा-तेरा माणसं मावतात. सांबारात गूळ घालत नाहीत. चढायला जिना नाही. माझ्या दारापासून चालत नऊ मिनिटं. औषधं आणायला जाते तेव्हा त्यांच्या दारावरून जाते, उभ्या उभ्या दोन शब्द बोलते आणि पळत परत येते. एक दिवस सोडला तर चार वर्षांत याच्या पलीकडे मी पुणं पाहिलेलं नाही, ऋषी. मेट्रो झाली म्हणतात. असेल.

काकांना अर्धांगवायू झाला हे तुला माहीत आहे. जीभ अर्धी गेली, टोमणे मात्र सगळे शाबूत. तुला माहीत नाही ते हे, की ते माझ्याच हातचा घास घेतात. रात्रीचं जेवण आठला. मऊ भात, मान पुढे झुकवून, एकेक चमचा. घाई केली की ठसका लागतो. एक बाई ठेवून पाहिली, दुसरी पाहिली. तोंड घट्ट मिटून बसले. मागच्या वर्षी मी भाचीच्या लग्नाला गेले. मी निघताना काका म्हणाले, "जा की, मी कुठे दोरीने बांधलंय?" आणि दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. संध्याकाळी डॉक्टरांना बोलवावं लागलं. दोरी दिसत नाही, एवढंच. रागावू तरी कुणावर? ज्या नवऱ्याने माझ्याबरोबर तीस वर्षं पहाटे उठून भाज्या चिरल्या, त्याच्यावर? पण कधीकधी स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते आणि नुसती उभी राहते.

आता खरं सांगते. मला तुमच्या पंगतीला यायचंय. वाढायला नाही, बसायला. मला कुणीतरी वाढलेलं हवंय. आणि त्यासाठी, बाळा, तू जेवायला येऊ नकोस. सगळं जमवून आणलंस तू, आणि तुलाच सांगतेय, किती वाईट मी! पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तुला कावीळ झाली तेव्हा उदगीरहून तुझी आई येईपर्यंत अकरा दिवस काकांनीच तुला चमच्याने पेज भरवली होती. तू थुंकायचास, ते पुन्हा भरवायचे. परवा मी सहज म्हटलं, ऋषीने भरवलं तर जेवाल का? तर म्हणाले, "दाढी करून ये म्हणावं." चार वर्षांत दुसऱ्या कुणाला त्यांनी एवढंही म्हटलेलं नाही. साडेसात ते साडेनऊ, एवढंच मागते. फोन त्यांच्या उशाशी असतो आणि मला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर असतो, तेव्हा तिथे हा विषय काढू नकोस, तुझा नकार असला तर त्यांच्या कानी पडायला नको. जमणार असेल तर फोन करून फक्त "येतो" म्हण. नसेल जमत तर तब्येतीची चौकशी करून ठेव. मला कळेल, आणि माझी माया तिळभर कमी व्हायची नाही.

तुझीच,
कुसुममावशी