ओल्या बाटलीवरचा अंगठा

४ मार्च
सकाळी बाटली टेबलावर आली. नेहमीप्रमाणे केसांवरून हात फिरवला, तो बाटलीवर ठेवला, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि मग हातमोजे चढवले. मोज्यातून प्रार्थना पोचत नाही, असं माझं मत.

बाटली चोरी झालेल्या घरच्या पाण्याच्या टाकीत तळाशी सापडलेली, त्याच पाण्यात बुडवून आणलेली. ओल्या काचेवरचे ठसे काढणं म्हणजे खायचं काम नाही. साहेब म्हणाले, चोरीच्या केसमध्ये हा एकच पुरावा आहे. हाही वाया घालवलात तर रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसा. मनात हसलो.

फोटोग्राफर बाई म्हणाल्या, काका, मोजे आधी घालत जा हो. म्हटलं, उद्यापासून नक्की.

५ मार्च
करडं द्रावण फवारलं. ओल्या काचेवरही त्यातली पूड बोटांच्या तेलाला चिकटते. साध्या पाण्याने हलकेच धुतलं. अंगठा असा उमटला की फ्रेम करून लावावा! घरी हिला सांगितलं. म्हणाली, आधी जेवून घ्या, निवतंय.

मोजे आधी घालायचे राहिले. दुसऱ्या केसमधला चाकू आला होता. पहिल्याच भेटीत परकेपणा बरा दिसत नाही.

६ मार्च
ठशाचा अभ्यास. तेल भरपूर, म्हणजे चोर डोक्याला तेल चोपडणारा. अंगठ्यावर तिरका वण. असा वण गवत कापताना विळ्यानेच होतो, म्हणजे खेड्यात वाढलेला. शहरातल्यांना हे कळायचं नाही. मला लगेच कळलं, कारण माझ्या अंगठ्यावरही अगदी तसाच आहे.

दाब शांत, घाई नाही. माणूस श्रद्धाळू असावा. त्याच्याविषयी आपुलकी वाटू लागली आहे. आवरायला हवं.

७ मार्च
बाई म्हणाल्या, आधी आपल्याच लोकांच्या ठशांशी ताडून बघू, नियम आहे. म्हटलं, बघा बापड्या. कोणावर संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. पण शिपाई डोक्याला तेल लावतो.

दुपारी
ताडून झालं. शिपाई निर्दोष.

८ मार्च
साहेबांनी माझा हात धरून अंगठा उलटा केला आणि बराच वेळ बघत बसले. म्हणाले, चोराचा ठसा तुमच्या प्रार्थनेखाली पुसला गेला. आता चोर सुटणार. मी विचारलं, पण ठसा उत्तम आला की नाही? आला, म्हणाले. शिपायाने माझी खुर्ची उचलली. म्हणाला, चला काका, वाटेत फरार होऊ नका.

११ मार्च
रेकॉर्ड रूम. सगळ्या फायली ठणठणीत कोरड्या. इथे मोजे लागत नाहीत, असं शिपाई सांगून गेला. तरी ठरल्याप्रमाणे आज आधी मोजे घातले, मगच पहिल्या फायलीवर हात ठेवून डोळे मिटले.