मेजरपुढे कोण वाकणार?

मेमियो, ब्रह्मदेश, ४ सप्टेंबर १९७२

चि. न्यो हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटच्या पायरीवर बसून आपण एकाच पावावरचा स्ट्रॉबेरी जॅम वाटून खायचो, आठवतं? तू रडायचीस म्हणून मोठा वाटा तुझा.

काल पेपरात तुझ्या यजमानांचा, बा थेइन यांचा फोटो आला. लष्करातले कर्नल आता पोलीसप्रमुख! शेजारच्या चीबाईंनी लगेच विचारलं, की तुमचे ओन पे त्यांच्याच बॅचचे ना, मग मेजर होऊनच घरी कसे बसले? मी हसले. घरात येऊन भांडी आपटली.

जळते गं मी. पण त्याहून सलतं ते गेल्या वर्षीचं. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपल्याच्या पौर्णिमेला धाकट्यांनी थोरल्यांपुढे भेटवस्तू ठेवून, गुडघे टेकून तीनदा वाकायचं. तुमच्या बंगल्यात हाताखालच्या अधिकाऱ्यांची रांग पाहून माझा भोळा नवरा तिच्यातच शिरला आणि धाकट्या साडूपुढे वाकला. त्यांनी वाकू दिलं! यंदा तुम्ही दोघं येऊन ह्यांच्यापुढे वाका. नाहीतर मला बहीण नाही.

तुझी ताई

रंगून, १३ सप्टेंबर

ती. ताईस न्योचा सा. न.

बढती कसली? ह्यांच्या हातची पलटण काढून घेतली, एवढंच. जनरलसाहेबांच्या पत्नी मला हक्कानं भजी तळायला बोलवायच्या. आता निरोपही नाही. हे अजून लष्कराचा हिरवा गणवेश कपाटातून काढून बटणं पुसत बसतात. त्या दिवशी एवढ्या माणसांसमोर ह्यांना भावजींना उठवता आलं नाही. नंतर जेवले नाहीत.

जळायचं तर मी जळावं. भावजी तुला आमटीत मीठ पुरे का विचारतात. इथे सगळे नुसते सलाम ठोकतात.

ह्यांना तुझा निरोप सांगितला. म्हणाले, पोलीसप्रमुख निवृत्त मेजरपुढे वाकला तर लोक काय म्हणतील? सकाळी मात्र विचारत होते, मेमियोची गाडी कधी सुटते.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी न्यो

मेमियो, २१ सप्टेंबर

चि. न्योस आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, पलटण गेली बिचाऱ्याची, आणखी गुडघे कशाला टेकायला लावतेस? ऐकून मी नव्यानं जळले. माझ्या नवऱ्याची कणवसुद्धा तुझ्याच घरी!

या. शिपाई स्टेशनावरच ठेवा. भेटी आणाल, त्यांतली लोकरी शाल ह्यांना, बा थेइन यांनी स्वतःच्या हातानं द्यायची; बसून, उभ्यानं, जमेल तशी. मेणबत्त्या विहारात. बिस्किटं चीबाईंना, तेवढा वेळ तोंड बंद राहील. मला काही नको. तुझे तीन नमस्कार तेवढे आधी माझे. वाटेत मंडालेच्या मावशीला देऊन आलीस तर खबरदार!

तुझी ताई