पाठवणीची तिसरी ओळ

धावडा, ता. भोकरदन
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. रामकिसन यास,
सप्रेम जय भीम आणि दादाचे आशीर्वाद.

मी फोनवर बोलत नाही अशी तुझी तक्रार वहिनीकडून कळली. कसा बोलू? तू काय पुटपुटतोस ते मला बिलकुल कळत नाही. पुण्याला गेल्यापासून तुझा आवाजच बारीक झाला आहे. त्यापेक्षा पत्र बरं, ते पुन्हा पुन्हा वाचता येतं. इकडे सगळे खुशाल. कापूस दोन वेचण्यांत आटोपला, तुरीला शेंगा बऱ्या आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि गुडघ्याबरोबर वहिनीही.

आता मुद्द्याचं लिहितो. मी बँड सोडतो आहे.

तू म्हणशील, आबांनी उभा केलेला घरचा बँड, तो सोडायचा म्हणजे काय? पण आता तो आपला राहिला नाही रे. मिथुन माझ्या पोटचा पोरगा, पण ट्रम्पेट घेऊन माझ्याच सुरावर चढून बसतो. ढोलवाला माऊली तर त्याच्यावर कडी. मी क्लॅरिनेटवर वरची ओळ घेतली रे घेतली की हा गडी ढोल असा बडवतो, जसा मक्यातून रानडुकरं हाकलतो आहे. डोळे वटारले तर खाली बघतो आणि बडवतच राहतो. काही विचारावं तर सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात आणि एकमेकांकडे बघतात.

परवा पिंपळगावच्या लग्नात तर हद्द झाली. पाठवणीला आबांची चार ओळींची धून एकट्या क्लॅरिनेटनेच वाजायची, बाकीच्यांनी वाद्यं खाली धरायची आणि चौथी ओळ संपल्याशिवाय नवरीने गाडीत पाय ठेवायचा नाही, ही आपल्या बँडची रीत सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. मी तिसरी ओळ धरली आणि या दोघांनी ट्रम्पेट अन् ढोल सुरू केला! वरातीचा धुमधडाकाच. नवरी रडायची थांबून त्यांच्याकडे बघायला लागली. चाळीस वर्षांत असा अपमान झाला नव्हता.

त्या दिवशी आबांची फार आठवण आली. शाळेमागच्या लिंबाखाली आपली तालीम चालायची. आबा क्लॅरिनेटची पत्ती चहाच्या बशीत भिजवायचे आणि तोच चहा तुला पाजायचे, म्हणायचे की यानं सूर पोटात जातो. तुला पहिला लाल कोट मिळाला तेव्हा बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, आणि तू तो अंघोळीपुरताच काढायचास. आबा मला सांगायचे की चूक कानाला कळायच्या आधी शेजारच्याच्या तोंडावर दिसते, म्हणून मास्तरने माणसांची तोंडं बघावीत. मी तेच केलं. ज्याचा सूर गेला त्याला तिथल्या तिथे थांबवलं आणि सगळ्यांसमोर एकट्याला वाजवायला लावलं. म्हणून तर बँडचं नाव राहिलं.

१९ जानेवारीला राजूरला अर्पिताचं लग्न आहे. तुझ्या साधनाच्या भावाने लेकीची सुपारी आपल्याच बँडला दिली आहे. तेवढी वाजवतो आणि कोट खुंटीला टांगतो. तू किती सुखाने सोडलास! कंपनीत नोकरी लागली आणि गेलास, कोणाशी वाकडं नाही की तिकडं नाही. मला तसं कसं जमेल ते लिही.

लोभ आहे तेवढा असू दे, पुण्याच्या पाण्याने पातळ करू नको.

तुझा,
कडूबादादा

*

भोसरी, पुणे
दि. २२ डिसेंबर २०२४

ती. दादांस,
रामकिसनचा सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. आधी साधनाने वाचलं. रानडुकरांपाशी येऊन ती इतकी हसली की शेजारीण विचारायला आली. आम्ही सगळे बरे आहोत. कंपनीत मला आणखी दोन वर्षं आहेत, मग मी मोकळा.

त्या चहाची चव अजून माझ्या जिभेवर आहे. सूर पोटात गेला की नाही ठाऊक नाही, बांबूचा तुरट वास मात्र गेला. आणि टेम्पो आठवतो का तुला? मागे आपण दहाजण, मी ढोलावर बसलेलो, आणि आबा पुढच्या सीटवर क्लॅरिनेट मांडीवर घेऊन, लेकरू निजवल्यासारखं. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळं पितळ चिंचेने घासायचं. हात आठ दिवस आंबट लागायचे. माझा कॉर्नेट कपाटावर उशीच्या अभ्र्यात आहे. साधना दर दिवाळीला तो चिंचेने घासते आणि मी पेपर वाचत असल्याचं दाखवतो.

दादा, तू विचारलंस म्हणून लिहितो. राग मानू नकोस, आणि मानलास तरी पत्र शेवटपर्यंत वाच. मी नोकरीसाठी बँड सोडला नाही. नोकरी मला तीन महिन्यांनी लागली. मी बँड सोडला तो तुझ्यामुळे.

२००२ साली याच राजूरला, याच दारात, माझी मेहुणी दैवशाला हिचं लग्न होतं. तू मोठ्या मनाने मला म्हणालास की तुझ्या मेहुणीची पाठवणी आहे, आज आबांची धून तू वाजव. क्लॅरिनेटऐवजी कॉर्नेटवर ती धून पहिल्यांदाच वाजणार होती. मी महिनाभर घासून तयारी केली होती. तिसऱ्या ओळीत माझा वरचा सूर गेला. तू हात वर करून मला थांबवलंस आणि पुन्हा घ्यायला लावलंस. पुन्हा गेला. तू तिसऱ्यांदा घ्यायला लावलंस. दैवशाला जीपच्या दाराला धरून उभी, सासरे मान खाली घालून, पोरं हसत होती. तिसऱ्यांदाही सूर गेला, तेव्हा तू क्लॅरिनेट उचललंस आणि धून पुरी केलीस. फार सुंदर वाजवलीस. त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला.

घरी येऊन मी कोट तुझ्या खुंटीला अडकवला आणि कंपनीची थाप मारली. बावीस वर्षं ती थाप आपण दोघंही सांभाळतो आहोत. राग आता पुष्कळ निवला आहे, पण मला फार दुःख झालं होतं, दादा.

म्हणून माझा सल्ला एवढाच. माझ्यासारखा थाप मारून सोडू नकोस. त्या पोरांचं जे टोचतं ते त्यांच्या तोंडावर सांग आणि मग सोड.

तुझ्या लोभाला मी कधी अंतर दिलं नाही, तूही देऊ नकोस.

तुझा,
रामकिसन

*

धावडा
दि. ५ जानेवारी २०२५

रामकिसन भाऊजींस,
चांगुणाबाईचा जय भीम.

सून भावना लिहून राह्यली. मी बोलते तसंच लिही म्हणलं तिला, शाळेतल्यावानी सुधरवू नको.

भाऊजी, तुमचं पत्र यांना मिळालं. तीनदा वाचलं. दोन दिवस धड जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी म्हणले की रामकिसनचं बराबर हाय, मी चुकलो त्याच्या बाबतीत, राजूरला आला की माफी मागतो. मला बरं वाटलं. पन लगेच म्हणले की त्याचा सल्लाबी बराबर हाय, पाठवणी झाली की त्या पोरांची सगळ्यांदेखत हजेरी घेतो. आता मी काय करू सांगा.

तुम्हाला म्हाईत न्हाई ते सांगते. यांना ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली. भोकरदनच्या डॉक्टरनं सांगितलं तर म्हणे तो डॉक्टरच पुटपुटतो. मागच्या साली एका लग्नात यांचा सूर निसटला आन् यांना कळलंच न्हाई, तसेच वाजवत राह्यले. लोक हसाया लागले. तवा त्या माऊलीनं आपल्या मनानंच ढोल वाढवला आन् सगळं झाकून घेतलं. तवापासून पोरांचं ठरलंय. यांचा सूर घसरला की माऊली ढोल वाढवतो, मिथुन ट्रम्पेट धरतो. पिंपळगावला बी तेच झाल्तं. पाठवणीत एकटेच वाजवत व्हते, झाकाया कुणी न्हाई, मंग पोरं मधी पडली.

घरी येऊन माऊलीला किती शिव्या दिल्या यांनी! त्यो पोरगा खाली मान घालून ऐकून गेला. मी मिथुनला म्हणलं, सांगून टाक बापाला. तर त्यानं मला शपथ घातली. म्हणतो, बाबा आमच्यावर रागावून बँड सोडून गेले तरी चालल, पन शरमेनं जाऊ नयेत.

आता तुम्हीच या. आग तुम्ही लावली, इझवा बी तुम्हीच. येताना तो कॉर्नेट आना.

भावना म्हणते शेवटी लोभ असावा लिहायचं असतं. लोभ नसता तर एवढं लिहिलं असतं का?

तुमची वहिनी,
चांगुणाबाई

*

धावडा
दि. २३ जानेवारी २०२५

चि. रामकिसन यास,
सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं भावनाने सांगितलं. राजूरच्या मांडवात तू उशीचा अभ्रा काखेत मारून आलास तेव्हा मला वाटलं मुक्कामालाच आला आहेस. मग त्यातून पितळ चमकलं. तुझा जुना कोट वहिनीने पेटीतून काढून आणला होता, तो तुझ्या पोटावर बसेना. तू बटणं उघडी टाकून पोरांच्या रांगेत उभा राहिलास, तेव्हा आबा असते तर काय म्हणाले असते या विचाराने मला हसूही आलं आणि रडूही.

त्या पाठवणीच्या वेळी काय झालं ते तू पाहिलंस, पण माझ्या मनात काय झालं ते तुला ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

धून झाली की पोरांना काय बोलायचं ते मी पाठ करून आलो होतो. दोन ओळी झाल्या. तिसरी धरली आणि सवयीने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. तू खाली बघत होतास. साधनाने तोंड फिरवलं. मिथुनचं ट्रम्पेट ओठांपाशी अर्ध्यात थांबलं होतं, आणि माऊलीचा हात ढोलावर उचललेला, डोळ्यांत पाणी. शेजारच्याचा सूर जातो तेव्हा माणसाचं तोंड कसं होतं ते मी चाळीस वर्षं बघत आलो आहे. त्यात मी कधी फसलो नाही. कोणाचा सूर गेला म्हणून मी रांगेवरून नजर फिरवली. वाजवत मी एकटाच होतो.

मी थांबलो. माझाच नियम होता, पुन्हा घ्यायची, सगळ्यांसमोर. पण मला कोणी हात वर करून थांबवलं नव्हतं. कोणी पुन्हा घे म्हणालं नाही. सगळे नुसते उभे होते. अर्पिता गाडीच्या दाराला धरून माझ्याकडे बघत होती, कारण चौथी ओळ झाली नव्हती. मग मी तुला खूण केली.

तू पहिल्यापासून वाजवलीस. खरं सांगतो, मला नीट ऐकू आलं नाही. लांबच्या गिरणीसारखं काहीतरी येत होतं. मी तुझी बोटं बघितली, ती बराबर पडत होती. तिसऱ्या ओळीत माऊलीचा हात ढोलावर पडलेला दिसला. सवयीने पडला असेल म्हणून मी सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा सोडून दिलं. चौथी ओळ झाली, अर्पिता गाडीत बसली.

तू गेल्यावर मिथुनला समोर बसवून सगळं वदवून घेतलं. त्याने जोरात बोलून सांगितलं, शेजारच्या तीन घरांनाही कळलं असेल. मग मी माऊलीच्या घरी गेलो आणि दिलेल्या शिव्या परत घेतल्या. तो म्हणाला की राहू द्या दोन-चार, सवय झाली आहे.

बँड सोडला मी. ठरल्याप्रमाणेच सोडला. बँडमध्ये एक माणूस फार त्रासाचा आहे हे माझं म्हणणं बराबर होतं, फक्त तो क्लॅरिनेट वाजवत होता. पुढच्या सोमवारी मिथुन मला कान दाखवायला जालन्याला नेतो आहे. क्लॅरिनेट मी त्याच्या हवाली केलं आहे, आबांची धून बोटाला बोट लावून शिकवतो. चूक झाली की थांबवायचा हात आपोआप वर येतो, मग मी तो मांडीखाली दाबून बसतो.

२००२ सालासाठी मला माफ कर. मांडवात मागायची होती, ती इथे मागतो. मी तुला आबांची धून दिली ती मायेने दिली होती, आणि परत घेतली ती गर्वाने.

एक विचारायचं राहिलं. तिसरी ओळ तुझी बराबर आली का रे? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, खरं लिही.

एवढं सगळं होऊनही तुझा लोभ राहिला, तो मी आता जपून वापरीन.

तुझा,
दादा

*

भोसरी
दि. ३० जानेवारी २०२५

ती. दादांस,
सप्रेम जय भीम.

पोस्टकार्डावर मावेल एवढंच उत्तर आहे. बोटं बराबर होती, फुंक कमी पडली. वरचा सूर पुन्हा गेला, त्याच जागी.

पण माऊलीने ढोल वाढवला. कोणाला काही कळलं नाही, आणि मी धून शेवटपर्यंत वाजवली.

माफी कधीचीच दिली आहे. लोभ आहे.

तुझा,
रामकिसन